तीन मिलिलिटरचा हिशेब

गोळी दहा मिलिग्रॅमची, मूल पंधरा किलोचं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय: मॉर्फिन, दर चार तासांनी तीन मिलिग्रॅम, तोंडाने. पातळ औषध मिळालं नाही तर ही गोळीच हाताशी असते, आणि तिचे दहा सारखे भाग करून त्यातले तीन देणं कुणाच्याच हाताला जमणारं नाही. मग गोळी दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, नीट ढवळायची, सुई नसलेल्या सिरिंजने तीन मिलिलिटर ओढायचं आणि मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडायचं. चार तासांनी पुन्हा. रात्री मूल झोपलेलं असेल तर उठवून द्यायचं की कसं, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं. सोबत पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू, कारण मॉर्फिनने शौचाला घट्ट होतं, पोट दुखायला लागतं, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतंच की हे औषधच बाधलं, बंद करा.

हा हिशेब सातवीतल्या मुलालाही येईल. अवघड आहे ते आईच्या ओट्यापाशी उभं राहून तिच्या हातून तो करून घेणं. मॉर्फिनचं नाव ऐकलं की घरात भीती शिरते. लेकरू झोपेल आणि उठणारच नाही, त्याला व्यसन लागेल, आता शेवटचंच आलं म्हणून हे दिलं असणार. या तिन्ही भीतींना न चिडता उत्तर द्यावं लागतं, आणि एकदा देऊन भागत नाही. आजी आली की पुन्हा, मामा आला की पुन्हा. हे काम डॉक्टरांच्या पाच मिनिटांत होत नाही. ते सिस्टर करते, किंवा मग होतच नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे याच कामाच्या बाजूने पाहावं, असा या लेखाचा हेतू आहे. सिस्टरला हे शिकवायचं कुणी आणि कुठे? आज त्याचं सर्वांत सहज मिळणारं उत्तर आहे मोबाइलचा पडदा. ते उत्तर खोटं नाही. पण ते कुठवर पोचतं आणि कुठे थांबतं, हे नीट तपासल्याशिवाय त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

•

आधी मुलाचा रस्ता पाहू. समजा, जतच्या पूर्व भागातल्या एखाद्या गावातलं सहा-सात वर्षांचं पोर आहे. ताप उतरत नाही, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मिरजेला पाठवलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून बेळगाव, विजापूरपासून माणसं तिथे येत आली आहेत. पुढे १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, कॅन्सरची रुग्णालयं आली. साताऱ्याकडच्या मुलाचा रस्ता थोडा वेगळा: क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, किंवा कराडचं कृष्णा हॉस्पिटल, आणि तिथून पुणे. पण दोन्ही जिल्ह्यांत एक वाक्य सारखंच ऐकू येतं, 'टाटाला नेलंय.' रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला मिरजेत नाहीतर सांगलीत बसलेलं कुटुंब सकाळी दादरला उतरतं. पुढचे सहा-आठ महिने, कधी दोन-तीन वर्षं, त्यांचं अर्धं आयुष्य मुंबईत जातं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, किंवा मुलांसाठीच २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूडची घरं.

या टप्प्यावर मुलाभोवती माणसांची दाटी असते. डॉक्टर, सिस्टर, समाजसेवक, आहारतज्ज्ञ, खेळ घेणाऱ्या ताई. आणि यातली बरीच मुलं बरी होतात, हे मुद्दाम सांगायला हवं. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या दर पाच मुलांपैकी चाराहून अधिक मुलं बरी होतात, गरीब देशांत मात्र अनेक ठिकाणी हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत.

पण जे मूल बरं होत नाही, त्याचं काय? एक दिवस सांगितलं जातं की आता औषधाचा उपयोग होत नाहीये, घरी घेऊन जा. फाइल जाड झालेली असते, तिच्यावर फोन नंबर असतो. गाडी परतीची. आणि गावी उतरल्यावर त्या मुलाच्या सर्वांत जवळ असणारी, शिकलेली, आरोग्यखात्याची माणसं म्हणजे उपकेंद्रातली एएनएम, प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर आणि आशाताई. मुंबईतली दाटी एका रात्रीत इथे येऊन विरून जाते. दुखणं मात्र मुलाबरोबर आलेलं असतं.

•

मुलाचं दुखणं हलकं करून त्याचं जगणं सुसह्य करण्याच्या या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. इथे एक गैरसमज बाजूला ठेवू. मुलांची पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मरणाऱ्या मुलांची सेवा, एवढंच अनेकांच्या डोक्यात असतं, डॉक्टरांच्याही. ब्रिटनमध्ये १९९७ साली अशा मुलांचे चार गट पाडले गेले आणि तीच मांडणी आजही शिकवली जाते. पहिला, आजार बरा होऊ शकतो पण उपचार फसूही शकतात, जसा कॅन्सर. दुसरा, आयुष्य अकाली संपणार हे ठाऊक असतं, पण चांगल्या उपचारांवर मूल अनेक वर्षं जगतं, शाळेत जातं. स्नायू दुबळे होत जाणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही अशी. तिसरा, हळूहळू वाढत जाणारे आणि ज्यांवर मुळात औषधच नाही असे आजार. चौथा, मेंदूला झालेली कायमची इजा, सेरेब्रल पाल्सीचं तीव्र रूप. आजार स्वतः वाढत नाही, पण गिळणं, श्वास, फिट्स, वाकलेले सांधे यांनी मूल सतत त्रासात असतं.

हा चौथा गट गावोगाव आहे. आतल्या खोलीत, खाटेवर किंवा गोधडीवर, आठ-नऊ वर्षांचं पण चार वर्षांचं दिसणारं मूल. त्याला 'टाटाला' कुणी नेत नाही. त्याची आई ते जन्मल्यापासूनची सगळी शुश्रूषा स्वतःच्या अकलेने शिकलेली असते. माझ्या मते या दोन जिल्ह्यांत प्रशिक्षित सिस्टरचा सर्वांत मोठा उपयोग इथेच होईल. हे मूल शेवटच्या आठवड्यात असतं म्हणून नव्हे. त्याच्यासमोर अजून वर्षं असतात म्हणून. त्याला कसं टेकवून बसवून भरवावं म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही, हे एकदा दाखवलं तरी पुढचे कितीतरी न्यूमोनिया टळतात.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही हेच म्हणते. निदान झालं त्या दिवसापासून ही सेवा सुरू व्हावी, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २ कोटी १० लाख मुलांना तिची गरज असते. यातली बहुतेक मुलं आपल्यासारख्या देशांतली.

•

महाराष्ट्र या कामात नवखा नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यात सुरू झालं. टाटा रुग्णालयात डॉ. मेरी ॲन मकाडन यांनी उपशामक वैद्यकाचा विभाग वाढवला. आणि २०१० ते २०१५ या काळात मुलांसाठीच एक प्रकल्प राज्यात चालला. पैसा ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याचा. भागीदार होते ब्रिटनमधली 'हेल्प द हॉस्पिसेस', मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचं आंतरराष्ट्रीय जाळं म्हणजे आयसीपीसीएन, टाटा स्मारक केंद्र आणि इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर. शहरी नमुना म्हणून मुंबईचं सायन रुग्णालय आणि ग्रामीण-आदिवासी नमुना म्हणून जव्हारचं कुटीर रुग्णालय घेतलं होतं.

मला यातला जव्हारचा भाग महत्त्वाचा वाटतो. मोठ्या शहरात असा विभाग उभा राहिला तर नवल नाही. तिथे पाहुणे येतात, फोटो निघतात. जव्हारला डोंगर आहेत, कुपोषण आहे, पावसाळ्यात पाडे तुटतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या दुर्गम वाड्यांशी जव्हारचं जितकं साम्य आहे तितकं मुंबईचं नाही. एका साध्या सरकारी रुग्णालयात, तिथल्याच सिस्टरना आणि कार्यकर्त्यांना शिकवून हे काम करता येतं का, हा प्रश्न तिथे प्रत्यक्षात विचारला गेला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये आयसीपीसीएनची पहिली जागतिक परिषद मुंबईत भरली. त्याच आठवड्यात बेल्जियमच्या संसदेने मुलांसाठीही इच्छामरणाची तरतूद मंजूर केली. मुंबईत जमलेल्यांनी जाहीरनामा काढून तिला विरोध केला: आधी प्रत्येक मुलाला वेदनेपासून सुटका द्या, मग बाकीचं बोलू. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने पॅलिएटिव्ह केअर बळकट करण्याचा ठराव केला. जाहीरनामे आणि ठराव बरेच झाले. परदेशी निधीवरचा प्रकल्प मात्र पाच वर्षांनी संपतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही जिल्ह्याला नव्याने सांगायला नको.

•

मग आलं पडद्यावरचं शिक्षण. आयसीपीसीएनने मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचे छोटे छोटे अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत ठेवले: ओळख, वेदना ओळखणं आणि तिच्यावरचे उपाय, मुलाशी बोलणं, वाढ आणि खेळ, अखेरचे दिवस, मागे राहिलेल्यांचं दुःख. आपल्या देशात इंडियन असोसिएशनचा डॉक्टर आणि नर्सेससाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तिरुवनंतपुरमची 'पॅलियम इंडिया' २००३ पासून काम करते, तिचे ऑनलाइन वर्ग आहेत. हैदराबादेत डॉ. गायत्री पालट यांच्या गटाने कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचे असेच वर्ग दक्षिण आशियासाठी चालवले. कोविडच्या वर्षांत या सगळ्याला जोर आला. झूम कसं लावायचं हे २०२० नंतर सिस्टरना कुणी शिकवावं लागलं नाही.

यातली जी पद्धत मला खरोखर कामाची वाटते ती 'एको'. तिची सुरुवात कॅन्सरमधून नाही, काविळीतून झाली. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हेपॅटायटिस सीचे रुग्ण महिनोन् महिने रांगेत असायचे आणि शेकडो किलोमीटर प्रवास करून यायचे. २००३ मध्ये त्यांनी ठरवलं की रुग्ण इकडे आणण्यापेक्षा खेड्यातल्या डॉक्टर-नर्सला दर आठवड्याला पडद्यावर भेटायचं. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातल्या दवाखान्यांचे निकाल विद्यापीठातल्या रुग्णालयाइतकेच चांगले निघाले.

वर्ग असा चालतो. सुरुवातीला छोटंसं व्याख्यान. मग एक जण आपल्याकडचं एक मूल मांडतो, नाव-गाव न सांगता: वय, आजार, घरात कोण कोण, काय दुखतंय, काय करून पाहिलं, कुठे अडलं. इतर प्रश्न विचारतात. तज्ज्ञ शेवटी बोलतात. यात शिकवण्यापेक्षाही मोठी गोष्ट घडते. डोंगरातल्या केंद्रावर एकटी पडलेली सिस्टर बघते की मणिपूरमधली दुसरी एक सिस्टरही नेमक्या त्याच जागी अडली आहे. या वर्गांच्या मूल्यमापनात ज्ञान वाढलं, आत्मविश्वास वाढला, असं दिसतं. अडचणी काय, तर ड्युटी आणि नेटवर्क. यात आश्चर्य ते काय!

•

पडद्यावर काय चांगलं शिकवता येतं, याचं एक उदाहरण सविस्तर बघण्यासारखं आहे.

लहान मूल 'मला सातपैकी पाच दुखतंय' असं सांगत नाही. मग दुखणं मोजायचं कसं? १९९७ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या नर्सेस-डॉक्टरांनी एक साधी मोजपट्टी केली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होतं की नाही, या पाच गोष्टी बघायच्या. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. पाय सैल आहेत की ताठ, की सारखे झाडतंय? जवळ घेतल्यावर थांबतं की थांबतच नाही? बेरीज दहापैकी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठी याच पट्टीचं सुधारलेलं रूप आहे, त्यात आईला विचारलं जातं की याला दुखलं की हा काय करतो. कुणी दात खातं, कुणी एका बाजूला मान टाकतं, कुणी अगदी गप्प होतं. आईला हे वर्षानुवर्षं ठाऊक असतं. केसपेपरवर ते लिहायला जागा मात्र कधी नसते.

हे शिकवायला व्हिडिओ उत्तम. दहा मुलांचे दहा तुकडे दाखवा, गुण द्यायला सांगा, मग चर्चा करा. वॉर्डात एका दिवसात दहा मुलं अशी पाहायला मिळत नाहीत.

आणि हे शिकवण्याची गरज किती आहे, ते इतिहासच सांगतो. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांना फारसं दुखत नाही असा समज जगभर होता, आणि पुरेशा वेदनाशामकाशिवाय त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत असत. हा समज मोडणाऱ्यांत एक भारतीय डॉक्टर होता, आपल्या शेजारच्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला: कन्वलजीत आनंद. ऑक्सफर्डला गेल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिलेल्या आणि न दिलेल्या बाळांची तुलना केली. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. दुखणं थोपवलेली बाळं अधिक चांगली सावरली होती. म्हणजे उणीपुरी चाळीस वर्षंसुद्धा झालेली नाहीत. आजच्या निवृत्त मेट्रन ज्या पुस्तकांतून शिकल्या त्यांत हे नव्हतं.

आता पडद्याला जे जमत नाही ते. मुलाशी बोलणं.

आपल्या घरांत पहिली सूचना असते, 'त्याला काही सांगू नका.' आणि मुलाला सगळं कळलेलं असतं. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या मुलांमध्ये राहून अभ्यास केला; त्यांचं पुस्तक १९७८चं. त्यांना दिसलं की कुणी न सांगताही मुलांना आपला आजार, औषधं, पुढे काय होणार हे टप्प्याटप्प्याने उमगत जातं, आणि आईबाबांना त्रास होऊ नये म्हणून तीच कळलं नसल्याचं सोंग वठवतात. मोठी माणसं मुलांना जपतात, मुलं मोठ्यांना.

अशा घरात एखाद्या दुपारी मूल सिस्टरला विचारतं, 'मी मरणार का?' आईपेक्षा सिस्टरला विचारणं सोपं असतं, ती रडणार नाही याची त्याला खात्री असते. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? अभ्यासक्रम सांगतो, लगेच उत्तर देऊ नका, आधी विचारा की तुला असं का वाटलं. हे वाक्य पाठ करता येतं. पण ते म्हणताना आवाज कसा ठेवायचा, हात कुठे ठेवायचा, मूल गप्प राहिलं तर आपण किती वेळ गप्प राहायचं, हे दुसऱ्या कुणाला करताना पाहूनच येतं. कुणाच्या तरी मागे उभं राहूनच. नर्सिंग हा मुळात मागे उभं राहून शिकण्याचा पेशा आहे. नवी मुलगी इन्चार्ज सिस्टरच्या मागे राउंडला उभी राहते तेव्हा तिला कुणी काही समजावून सांगत नसतं.

भाषेचाही प्रश्न आहेच. अभ्यासक्रम बहुधा इंग्रजीत. सिस्टरचं शिक्षणही इंग्रजीत झालेलं, त्यामुळे पेपर ती सोडवते. पण आजीशी बोलायचं माणदेशी मराठीत, आणि जतच्या पूर्वेला तर कानडीत. श्वास बदलला, घशात घरघर लागली की घरचे घाबरून १०८ला फोन करतात आणि मुलाचे अखेरचे तास ॲम्ब्युलन्समध्ये जातात. हे होणार आहे, याने त्याला त्रास होत नाहीये, कुशीवर वळवा, ओठ ओले करत राहा, असं आधी, वेळेवर, त्या घरच्या बोलीत सांगणं हे एकच काम जमलं तरी प्रशिक्षणाचे पैसे वसूल. ते बोलीत सांगायची तालीम पडद्यावर होत नाही.

•

आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

समजा सिस्टरने अभ्यासक्रम पुरा केला. तिने मोजपट्टी लावली, बेरीज आठ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२च्या (२०१९ मध्ये मागे घेतलेल्या) मार्गदर्शनात मुलांच्या वेदनेला दोनच पायऱ्या होत्या: खाली पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, वर मॉर्फिन. मोठ्यांसाठी मध्ये असणारी कोडीनची पायरी मुलांसाठी काढून टाकली, कारण मुलांमध्ये कोडीनचा भरवसा नाही. म्हणजे आठ गुणांच्या दुखण्याला मॉर्फिन हवी. आणि आपल्या कायद्याने सिस्टर ती लिहून देऊ शकत नाही. ठीक आहे, डॉक्टर देतील. पण त्या रुग्णालयात गोळी आहे का?

१९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं की दवाखान्यांनी ती ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन तोंडाने देतात हे न पाहता पास झाली. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिलसारखी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, आणि प्रत्येक राज्याचे वेगळे परवाने गोळा करण्याऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी नोंद घेतली की पुरे झालं. प्रशिक्षित डॉक्टर, कुलपाचं कपाट, नोंदवही. मागण्या यापेक्षा फार जास्त नाहीत. अफूचं कायदेशीर पीक आपल्याच मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात येतं, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, गोळी काही रुपयांची. तरीही आपल्याकडे कपाट रिकामं राहू शकतं, आणि राहतं, याला आता कायद्याची सबब देता येत नाही.

युगांडाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. डॉ. ॲन मेरिमन यांनी १९९३ मध्ये तिथे हॉस्पिस सुरू केलं. पावडरीपासून पातळ मॉर्फिन देशातच तयार होऊ लागली, रुग्णांना फुकट मिळू लागली. आणि डॉक्टर खेड्यात जात नाहीत हे उघड सत्य मान्य करून २००४ मध्ये त्यांनी खास प्रशिक्षित नर्सेसना मॉर्फिन लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार दिला. तिथे प्रशिक्षण संपतं तेव्हा नर्सच्या हातात पेन असतो. आपल्याकडे संपतं तेव्हा हातात प्रमाणपत्राची पीडीएफ असते.

मी असं म्हणत नाही की उद्या आपणही तसाच कायदा करावा. आपल्याकडच्या वैद्यकीय परिषदा ते होऊ देतील असंही वाटत नाही. पण ज्या दुखण्यावर द्यायला काही नाही, ते अचूक मोजायला एखाद्या सिस्टरला शिकवणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. पूर्वी तिला मूल चिडचिडं वाटत होतं. आता तिला ठाऊक असतं की आठ गुणांचं दुखतंय, आणि ती आयब्युप्रोफेनची बाटली घेऊन उभी असते. म्हणून सातारा असो की सांगली, अशा कुठल्याही ऑनलाइन वर्गाच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर एक प्रश्न असला पाहिजे: नोंदणी झाली का, कपाटात गोळी आली का, आणि रात्री अकराला सिस्टरने फोन केला तर डोस वाढवायला सांगणारा डॉक्टर कोण? गोळी आली की वर्ग लावा. उलट क्रमाने करू नका.

दुसरी अट अगदी घरगुती आहे. वर्ग ड्युटीत मोजा. अधिपरिचारिका नाइट करून सकाळी ओव्हर देते, घरी जाऊन डबे करते आणि दुपारी 'स्वतःच्या प्रगतीसाठी' पडद्यासमोर बसते, कॅमेरा बंद, एका हाताने भाजी निवडत. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आठवड्यातला एक तास रोस्टरवर लिहिला, तिच्या जागी दुसरी सिस्टर दिली, तर ते शिक्षण सरकारने दिलं असं म्हणता येईल.

•

या दोन जिल्ह्यांची काही वैशिष्ट्यं कुठल्याच अभ्यासक्रमात सापडणार नाहीत. विटा-आटपाडीकडची गलाई करणारी कुटुंबं सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. अशा कुटुंबातलं मूल चेन्नईत किंवा केरळात उपचार घेतं आणि शेवटी आजीआजोबांकडे गावी येतं. कागद तिकडच्या रुग्णालयाचे. यातलं जे केरळातून येतं त्याला कदाचित घरी येणाऱ्या सिस्टरची सवय असेल, कारण तिकडे गावोगाव पॅलिएटिव्ह केअरचे स्वयंसेवक आहेत. इथे ती सवय मोडावी लागते.

याच्या उलट ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या कराड, इस्लामपूर, सांगलीच्या फडांत उतरतात. कोपीत एखादं आजारी मूल असेल तर ते कोणत्या उपकेंद्राचं? फड बदलला की हद्द बदलते, आणि चैत्रात टोळी परत गेली की नोंदही जाते. आशाताईच्या यादीत ते मूल कधी नसतंच.

आणि सांगलीला एक जुना अनुभवही आहे. एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत सांगलीचं नाव होतं. सरकारी मोफत औषधं एप्रिल २००४ मध्ये काही मोजक्या केंद्रांवर सुरू झाली, आणि त्याआधी या आजाराची मुलं इथे कशी गेली हे तेव्हाच्या वॉर्डांतल्या सिस्टरना ठाऊक आहे. 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून इथे वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच एकमेकींच्या आरोग्याच्या कामाला लावलं. सरकारी यंत्रणेबाहेरची, कमी शिकलेली माणसं शुश्रूषा किती नेटाने करतात, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. नवं काही उभं करताना त्या बायकांना विचारायला हवं. कुणी विचारेल असं मात्र वाटत नाही. प्रशिक्षणाच्या याद्या पदनामांनी भरतात.

कागदावर पाहिलं तर दारं उघडलेली आहेत. आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणवल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर धरली आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात बीएस्सी नर्सिंगला तिचा स्वतंत्र भाग आला. सातारा, कराड, सांगली, मिरज, सगळीकडे नर्सिंगची कॉलेजं आहेत. नव्या अभ्यासक्रमाच्या मुली आता वॉर्डांत येऊ लागल्या आहेत. हा भाग त्यांना वर्गात स्लाइडवर शिकवून संपवायचा, की वर्षातून काही दिवस त्यांना अशा एखाद्या मुलाच्या घरी न्यायचं, एवढंच ठरवायचं आहे. घरी न्यायचं तर एक अनुभवी सिस्टर, गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल लागेल. जिल्हा नियोजनाच्या आराखड्यात हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, यावर आरोग्य विभाग, जिल्हा परिषद आणि कॉलेजांचे प्राचार्य यांची एक बैठक पुरेशी आहे. ती मार्चच्या आत व्हायला हवी, नाहीतर वर्ष गेलं.